उसनं नाव

"गोजरा, ताटाला हात लावू नकोस तू," सकवारआत्या म्हणाली आणि मांडवातल्या बायका बोलायच्या थांबल्या.

मी पाटावर बसले होते. अठ्ठावन्न सालचा वैशाख. यशवंतपुरात स्टेशनच्या मागे आमचं बैठं घर, दारात नारळाच्या झावळ्यांचा मांडव आणि तुमकूरहून आलेली नवऱ्याकडची माणसं. मुलीला पहिली हळद आईनं लावायची, म्हणून आई ताट घेऊन पुढे आली होती. आत्याचे शब्द ऐकून ती होती तिथेच थांबली.

"का हो अक्का?" तिनं विचारलं.

"का म्हणून मलाच विचार. एकदा पुसलेलं कुंकू हाय तुझं. पोरीच्या शुभकार्यात कशाला, म्हणते मी."

आत्या वाईट बाई नव्हती. माझ्या लग्नासाठी आठ दिवस ती आमच्याकडे राबत होती. आता बोलली तेही माझ्या भल्याचंच, अशी तिची खात्री होती. नवऱ्याकडच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

बाहेर अण्णा पाहुण्यांसाठी बाकं मांडत होते. कुणीतरी जाऊन त्यांना सांगितलं असणार. ते तसेच आत आले. हळदीच्या जागी पुरुषमाणूस येत नाही. बायका पदर सावरत बाजूला झाल्या. अण्णांच्या अंगात धुतलेला पांढरा सदरा होता, पण नखांतलं ग्रीस दोन दिवस घासूनही निघालं नव्हतं. ते आपल्या थोरल्या बहिणीसमोर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी उजवा हात पुढे केला.

"अक्का, मी मेलो न्हवतो," ते म्हणाले. "हात लावून बघ."

आत्यानं मान फिरवली.

"तुम्ही बघा," ते शेजारच्या बाईला म्हणाले. मग तिच्या पलीकडच्या बाईला. "बघा की हात लावून. जिवंत माणसाचा हाय का न्हाई, सांगा."

कुणी हात लावला नाही. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर होते. उठायचीही गरज नव्हती. बसल्या जागेवरून पोचले असते. मी खाली मान घालून पाटाभोवतीच्या रांगोळीकडे बघत राहिले.

शेवटी आईनंच ताट माझ्या काकूच्या हातात दिलं. "राहू दे हो. वेळ जाईल," म्हणाली आणि चुलीकडे निघून गेली. काकूनं मला हळद लावली. अण्णा बाहेर जाऊन राहिलेली बाकं मांडू लागले.

मी एक वर्षाची असताना माझे वडील, खंडोजी पवार, सैन्यात गेले. बंदूक चालवायला म्हणून गेले नव्हते. ते फिटर होते, लष्कराच्या लॉऱ्या दुरुस्त करायला माणसं हवी होती. त्यांचं जहाज सिंगापूरला लागलं आणि थोड्याच दिवसांत सगळी तुकडी जपान्यांच्या कैदेत गेली. सरकारचं पत्र आलं : बेपत्ता. आईनं अडीच वर्षं त्या एका शब्दावर काढली. चव्वेचाळीसच्या अखेरीस दुसरं पत्र आलं. कैदेत मेलेल्यांच्या यादीत खंडोजी पवार हे नाव होतं, त्यांच्या लष्करी नंबरासकट.

त्या दिवशी परसातल्या धुण्याच्या दगडावर आईचे हात धरून बायकांनी बांगड्या फोडल्या. आई चोवीस वर्षांची होती, मी चार. एक काच माझ्या तळपायात गेली होती. मला तेवढंच आठवतं.

शेहेचाळीसच्या फेब्रुवारीत दुपारी एक माणूस दारात येऊन उभा राहिला. नुसती हाडं आणि त्यांवर खाकी कपडे. आई भांडी घासत होती. तिनं वर बघितलं, ओळखलं आणि राखेच्या हातांनीच पदर पुढे ओढून तोंड झाकून घेतलं. तो मेला हे आपण खरं मानलं, याची तिला त्याच्यासमोर लाज वाटली. हे तिनं मला खूप वर्षांनी सांगितलं. तेव्हा मला दिसलं ते इतकंच, की कुणी परका माणूस आलाय आणि आई रडतेय. मी शेजारच्या घरात पळून गेले.

भटजी आले, होम झाला, आईनं पुन्हा कुंकू लावलं. पण गल्लीचं समाधान झालं नाही. यादीत नंबरासकट नाव आलं होतं, सरकार खोटं लिहील काय? आणि आलेला माणूस तरी किती बदललेला! दात पडलेले, आवाज घोगरा, बोलणं जवळजवळ बंद. हा खंडोजीच कशावरून, असं बायका विहिरीवर बोलायच्या. आईच्या कानावर ते यायचं. संक्रांतीला बायका तीळ-गूळ, शेंगदाण्यांचं एळ्ळू वाटत घरोघर फिरायच्या. आमच्या दारात एळ्ळू मिळायचं, कुंकवाचा करंडा मात्र उघडायचा नाही. पुढे आईनंही कुणाकडे जाणं सोडलं.

आणि मी? बायकांचं बोलणं मीही ऐकत होते. अण्णा म्हणायला शिकवलं म्हणून मी अण्णा म्हणत असे. पण त्यांच्या ताटात जेवले नाही, त्यांच्या सायकलवर बसले नाही. त्यांनीही कधी जवळ ओढलं नाही.

सत्तेचाळीस साली ते बस डेपोत मेकॅनिक म्हणून लागले. सकाळी साडेपाचला सायकल काढायची, संध्याकाळी अंधार पडता पडता परत. जेवताना शीत सांडलं तर ते उचलून खायचे, आमच्याही ताटाखालचं. दार लावून घेतलेल्या खोलीत त्यांना बसवत नसे. कैदेबद्दल त्यांनी आम्हाला एक शब्द सांगितला नव्हता. बासष्ट साली चीनशी लढाई सुरू झाली, तेव्हा शाळेच्या हेडमास्तरांनी जुने जवान म्हणून त्यांना स्टेजवर बसवलं, हार घातला आणि मुलांना दोन शब्द सांगा म्हणाले. अण्णा उठले, माइकपाशी गेले. "आम्हाला भूक लागायची," एवढं म्हणाले आणि खाली बसले. टाळ्या वाजवायच्या की नाही, ते मुलांना कळेना.

त्रेसष्ट साली ते रिटायर झाले. वर्षभरातच खोकला मागे लागला. चौसष्टच्या डिसेंबरात मी त्यांना इस्पितळात नेऊन छातीचा फोटो काढवला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. अण्णा बाकावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होते. त्यांना वेगळं सांगावं लागलं नाही. मी तुमकूरला नवऱ्याला पत्र टाकलं आणि माहेरीच राहिले.

तिसऱ्या दिवशी दुपारी आई परसात अवरेकाईच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसली होती. मी तिच्याजवळ होते. अण्णा घोंगडी पांघरून उन्हात बसले होते.

"गोजरा," ते म्हणाले, "त्या यादीतलं नाव चुकून आलं न्हवतं."

"कुठल्या यादीतलं?"

"मेलेल्यांच्या. माझं नाव आलं ते."

मग ते थांबत थांबत, खोकला आला की घोटभर पाणी पीत बोलत राहिले. कुठल्याशा बेटावर त्यांची छावणी होती. काम करणाऱ्याला भात पुरा, आजाऱ्याला अर्धा. अण्णांना रक्ताची हगवण लागली होती. त्यांच्या शेजारी दोड्डबळ्ळापूरचा विठोजी झोपायचा, तोही फिटर, त्याच तुकडीतला. एका सकाळी धक्क्यावर पिंपं उतरवायला जाणाऱ्यांची यादी वाचली, तीत अण्णांचं नाव निघालं. त्यांना उभं राहवेना. नाव पुकारल्यावर जो येत नसे त्याला सगळ्यांसमोर मारत. त्या माराने दोन माणसं गेली होती. जपान्यांना चेहरे ओळखू येत नसत. खंडोजी पवार म्हणून पुकारा झाला तेव्हा विठोजी उठला आणि "हाजिर" म्हणाला. दुपारी विमानं आली आणि त्यांनी धक्क्यावर बाँब टाकले. गेलेल्यांपैकी कुणी परत आलं नाही. मेलेल्यांची यादी केली ती सकाळच्या यादीवरून.

"आणि तुम्ही?" मी विचारलं.

"मी विठोजी. विठोजी म्हणून हाजिरी द्यायची, विठोजीचा भात खायचा. सुटेपर्यंत."

"सुटल्यावर सांगितलं न्हाई?"

"आपलं नाव सांगितलं. साहेबानं विचारलं, विठोजीचं काय झालं? ठाऊक न्हाई म्हणालो. भ्यालो मी. म्हणतील, ह्यानंच त्याला पुढं घातलं." त्यांनी पाण्याचा घोट घेतला. "तो अजून बेपत्ताच हाय, कागदावर."

आईचे हात थांबले होते. "त्याची बायको?"

"रत्नाबाई. घरी यायच्या आधी तिकडंच गेलो होतो. सांगायलाच गेलो होतो. कपाळभर कुंकू लावून दारात उभी. मी पाणी मागितलं. प्यालो आणि आलो. नावसुद्धा सांगितलं न्हाई."

आईनं हातातली शेंग खाली ठेवली. पलीकडे यार्डात मालगाडीचे डबे जोडत होते, त्याचे धक्के ऐकू येत होते.

"म्हंजे नाव कसं चुकलं, ते तुम्हाला ठाऊक होतं," आई म्हणाली. "लोक म्हणायचे, कोण कुठला माणूस घरात घेतलाय गोजरानं. तुम्ही एक शब्द बोलला असता तर त्यांची तोंडं बंद झाली असती. चंपीच्या हळदीला ताट घेऊन उभी होते मी. तेव्हासुद्धा बोलला न्हाई."

"बोललो असतो तर तिच्यापर्यंत गेलं असतं. कितीसं लांब हाय दोड्डबळ्ळापूर?"

"तिचं कुंकू राखायला तुम्ही माझं..."



"होय," अण्णा म्हणाले.

आईनं राहिलेल्या शेंगा सोलल्या. सालं गोळा करून गाईला टाकली. हात धुतले. परत येऊन ती त्यांच्यासमोर उभी राहिली. "मला ती बाई बघायची हाय," ती म्हणाली. "तुम्ही तिला सांगायचं. माझ्यासमोर."

जानेवारीत, अण्णांना जरा उतार पडल्यावर, आम्ही तिघं सकाळच्या पॅसेंजरनं निघालो. येलहंका गेल्यावर दोन्ही बाजूंना कापलेल्या रागीची शेतं. आई खिडकीतून बाहेर बघत होती. त्या दिवसापासून ती अण्णांशी कामापुरतंच बोलत होती, पण त्यांचं औषध एकदाही चुकलं नव्हतं.

दोड्डबळ्ळापुरात विणकरांच्या गल्लीत घर होतं. विठोजीचा धाकटा भाऊ ज्योतिबा माग चालवायचा. आतल्या खोलीत तीन माग एकदम खडखडत होते. ओसरीवर बोललेलं हातभर अंतरावरच्या माणसालाच ऐकू जाईल. रत्नाबाई तिथेच रहाटावर कांड्या भरत बसली होती. पंचेचाळिशीची, बारीक अंगाची बाई. केस पिकलेले. हिरव्या बांगड्या आणि रुपयाएवढं कुंकू.

तिनं आम्हाला बसायला चटई दिली, ताक आणून दिलं. मग अण्णांकडे निरखून बघितलं.

"तुम्ही एकदा आला होता," ती म्हणाली. "पाणी पिऊन गेला."

"होय."

"मी हाक मारली होती मागनं. थांबला न्हाई."

अण्णा खाली बघत होते. मला वाटलं, याही वेळी ते ताक पिऊन उठतील. पण मागांच्या आवाजात तिला ऐकू जावं म्हणून ते पुढे सरकले आणि सगळं सांगितलं. स्वतःला वाचवणारं काही घातलं नाही. साहेबाला खोटं सांगितल्याचंही सांगितलं.

रत्नाबाईचा हात रहाटावरून निघाला नव्हता, पण चाक थांबलं होतं. हातातला रेशमाचा धागा तुटला. तिनं तो शोधून पुन्हा जोडला, दातानं गाठीचं टोक तोडलं.

"जाताना काही बोलले?" तिनं विचारलं.

"म्हणाला, तू पड. संध्याकाळी आलो की तुझं नाव तुला परत देतो."

तिच्या तोंडावर हसू आल्यासारखं झालं. "तसंच हाय त्यांचं. उसनं काही ठेवून घ्यायचे न्हाईत."

"मी ज्योतिबाला सांगतो," अण्णा म्हणाले. "सगळ्यांसमोर सांगतो. माझी चूक..."

"कुणाला सांगायचं न्हाई."

आई एकदम वर बघू लागली.

"ह्या घरात मी थोरली हाय," रत्नाबाई म्हणाली. आवाज चढला नव्हता. "मूल न्हाई, बाळ न्हाई. पण वाट बघणारी म्हणून मान हाय मला. पोरी माझ्या पाया पडल्याबिगर सासरी जात न्हाईत. आज तुम्ही सांगाल आणि गाडीत बसून जाल. उद्या सकाळी मी कोण? कोपऱ्यात बसून कांड्या भरणारी एक बाई. इतकी वर्षं गप्प राहिलात न्हवं? आता आणि स्वल्प ऱ्हावा."

अण्णांनी हात जोडले. जोडलेले हात त्यांनी बराच वेळ खाली घेतले नाहीत.

आई उठली. "चल चंपा, गाडीची वेळ झाली."

"थांबा की," रत्नाबाई म्हणाली. "सवाष्ण बाई अशीच कशी जाईल?"

ती आत गेली आणि करंडा घेऊन आली. आईची गोष्ट तिला ठाऊक असायचं काही कारण नव्हतं. मुलीच्या हळदीतून परत फिरवलेली ही बाई, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं आईच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. आई भिंतीला टेकून उभी होती. परक्या बाईच्या बोटानं कुंकू लागायला तिला वीस वर्षं झाली होती.

मग रत्नाबाईनं करंडा तिच्यापुढे धरला. रीत अशी की घेतलं तसं द्यायचं. आई करंड्याकडे बघत राहिली. समोरच्या बाईचा नवरा मेलेला आहे, हे त्या ओसरीवर आम्हा चौघांना ठाऊक होतं. आतले माग खडखडतच होते.

आईनं बोट बुडवलं आणि रत्नाबाईच्या कपाळावरचं जुनं कुंकू झाकेल असं नवं कुंकू लावलं. गोल, ठसठशीत. कडेला सांडलेलं नखानं टिपलं.

परतीच्या गाडीला उशीर होता. फलाटावरच्या बाकावर आम्ही बसलो. अण्णांना दम लागला होता.

"मी चुकलो काय, गोजरा?" त्यांनी विचारलं.

"होय," आई म्हणाली. "चुकलात."

वारा सुटला होता. तिनं त्यांच्या गळ्यातला मफलर सोडून पुन्हा नीट गुंडाळला आणि टोकं कोटात खोचली. गाडी आली तेव्हा त्यांना पायरी चढवेना. मी काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. एवढ्या मोठ्या माणसाला काहीच वजन नव्हतं.

आईनं यातलं कधी कुणाला सांगितलं नाही, सकवारआत्यालाही नाही. बायका विहिरीवर बोलायच्या त्या बोलत राहिल्या. रत्नाबाई मागच्या वर्षी, अडुसष्ट साली, गेली. तिला हिरवं लुगडं नेसवून, ओटी भरून नेलं, असं ज्योतिबाचं कार्ड आलं. आता लपवायचं ते कुणासाठी उरलं नाही, म्हणून मी हे आज लिहायला बसले.

अण्णा गेले ते पासष्टच्या जूनमध्ये, सकाळी, अर्धी कॉफी पिऊन. आत्या गल्लीतल्या बायका घेऊन परसात आली तेव्हा आई म्हणाली, "कुणी हात धरायचा न्हाई. माझं मी काढते." एकेक करून तिनं बांगड्या उतरवल्या. एकही फुटली नाही.

स्मशान लांब होतं, म्हणून डेपोतल्या लोकांनी एक जुनी लॉरी आणली होती. सगळे कामाच्या कपड्यांतच आले होते, पंधरा-सोळा जण. त्यांनी अण्णांना उचलून लॉरीत ठेवलं. ड्रायव्हरनं बटण दाबलं. इंजिन दोनदा गुरगुरलं आणि बंद पडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. ड्रायव्हर उतरला आणि बॉनेट उघडून बाजूला झाला.

कुणी पुढे येईना. पंधरा-सोळा मेकॅनिक उघड्या बॉनेटभोवती उभे होते आणि एकही हात घालत नव्हता. मला आधी काही कळेना. मग त्यांचे डोळे कुठे जातायत ते दिसलं. खंडोजीराव जागेवर असताना त्यांच्या आधी दुसऱ्या कुणी इंजिनाला हात लावायची डेपोत पद्धत नव्हती. सोळा वर्षांची सवय. ते वाट बघत होते.

मल्लाप्पा सगळ्यांत पुढे होता. अण्णांच्या हाताखाली सर्वांत जास्त वर्षं काढलेला तोच. तोही हात बांधून उभा.

आई उंबऱ्यापर्यंत आली. मोकळ्या कपाळानं, सगळ्या पुरुषांसमोर.

"मल्लाप्पा," ती म्हणाली, "आता तू बघ."

मल्लाप्पानं डोक्यावरची टोपी काढून खिशात घातली, बाह्या दुमडल्या आणि इंजिनावर वाकला.